उरलेल्या लाकडातून खुंटाळं, फ्रेम, आरास : कोणता तुकडा कशाला?

जिन्याखालचा_ढीग (परभणी)

नमस्कार मंडळी. घराचं सुतारकाम संपलं, मिस्त्री गेले आणि जिन्याखाली लाकडाचा ढीग उरला. जाळायला जीव होईना आणि भंगारात कुणी घेईना. माल असा आहे:

सागवानी चौकटीचे ४ × २.५ इंची तुकडे, दोन-अडीच फुटांचे, सात-आठ. १८ मि.मी. प्लायच्या ३–४ इंच रुंद लांब पट्ट्या, भरपूर. मशिनच्या पेटीच्या पाईनच्या फळ्या, त्यावर काहीतरी शिक्का आहे. गावाकडचं माळवद (मातीचं सपाट छत) उतरवलं त्यातल्या दोन सागवानी कड्या आणि एक बाभळीची तुळई. तुळईच्या एका टोकाखाली पिवळसर भुसा पडायलाय.

हत्यारं म्हणाल तर हातकरवत, ड्रिल, ४ इंची कटर, दोन पटाश्या. रंधा नाही. करायचंय ते साधंच: दारामागं खुंटाळं (कपडे अडकवायला खुंट्यांची फळी), दोन-चार फोटोफ्रेम आणि जमलं तर महालक्ष्म्यांच्या आराशीला पायऱ्या. कशापासून काय करावं आणि पॉलिश कोणतं मारावं, नीट सांगा.

रंधा_पटाशी (नांदेड)

दादा, आधी माल निवडा, मग करवत हातात घ्या. उरलेल्या लाकडाच्या वस्तू बिघडतात त्या बहुतेक एकाच कारणानं: वेगवेगळ्या स्वभावाची आणि वेगवेगळ्या ओलीची लाकडं एकमेकांना घट्ट चिकटवली जातात. आपल्याकडं वैशाखात हवा कोरडी ठक्क आणि भाद्रपदात दमट. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलतं. सागाची १०० मि.मी. रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा सुमारे १ मि.मी. कमी-जास्त होते, आणि साग तर यातला सगळ्यात शहाणा. ही हालचाल कुठं जाऊ द्यायची हे आधी ठरवलं नाही, तर ती स्वतःच जागा शोधते आणि तिथं भेग पडते.

तुळईचं बघा. भुसा मैद्यासारखा बारीक असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. दाणेदार, खसखशीएवढे गोळे असतील तर सुक्या लाकडाची वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतली वाळवी. बाभळीच्या कडेच्या फिकट भागात भुंगा हमखास लागतो, आतल्या तांबूस गाभ्यात तेवढा जात नाही. म्हणून फिकट भाग सरळ कापून जाळून टाका. राहिलेल्या गाभ्याखाली काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवस हलवू नका. पुन्हा ताजा भुसा दिसला तर तो तुकडा घरात नेऊ नका, बाकीच्या मालालाही लागेल.

जपून ठेवायच्या तुकड्यांना टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी द्या. १ लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार, २० ग्रॅम बोरिक, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. कोऱ्या, कोरड्या लाकडावर ब्रशनं दोन-तीन हात, आधीचा हात ओला असतानाच पुढचा. पॉलिश असलेल्या लाकडात हे पाणी शिरतच नाही. पाण्यानं धुऊन निघतं म्हणून बाहेरच्या वस्तूंना उपयोग नाही, आणि ताट-पोळपाट असल्या खाण्याच्या वस्तूंना तर अजिबात लावू नका.

कड्यांमध्ये खिळे असणारच. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जिथं ओढेल तिथं खडूनं खूण करा. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही, चुंबकाला मात्र कळतो. माळवदाच्या लाकडात पांढरी माती भेगांत घट्ट बसलेली असते, ती तारेच्या ब्रशनं झाडा, नाहीतर करवतीचे दात दहा मिनिटांत बोथट होतील. कड्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लेकरांच्या घरात नको. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलंच घासा आणि चोथा गोळा करून टाका.

ओल बघायला मीटर लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तुकडा एक दिवसाआड तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. चौकटीचे तुकडे जिन्याखाली असतील तर आठवडाभर घरात, पंख्याच्या हवेला, खाली पट्ट्या देऊन रचा. उन्हात टाकू नका, टोकं फाटतील.

थोडक्यात: सागाच्या फ्रेमा आणि खुंटाळ्याची फळी. बाभळीच्या खुंट्या. प्लायच्या पायऱ्या. पाईन रंगवायच्या वस्तूंना.

गुण्या९० (छत्रपती संभाजीनगर)

पाईनच्या शिक्क्यात 'एचटी' आहे की 'एमबी' तेवढं बघा. आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवलेलं. ते बिनधास्त वापरा. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरातल्या वस्तूंना घेऊ नका. शिक्का नसेल आणि फळीवर तेलाचे, केमिकलचे डाग असतील तर तेही नको. वाळूजकडनं येणाऱ्या पेट्यांत तिन्ही प्रकार सापडतात.

या पेट्यांना पिळाचे खिळे असतात, ते उपटायला गेलं की फळी फाटते. दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा. डोकं फळीत राहिलं तर मागून ठोकून बाहेर काढा.

आणि पाईनच्या गाठींतून राळ येते. पांढरा रंग मारला की काही महिन्यांत तिथं पिवळा डाग उमटतो, वरून कितीही हात मारा. रंगाआधी फक्त गाठींवर चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) दोन हात द्या, डाग तिथंच अडतो.

वखार_रोड (लातूर)

खुंटाळ्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

चौकटीचा तुकडा वखारीतल्या बँडसॉवर ४ इंची तोंडाला समांतर चिरून घ्या. अडीच इंचात तीन फळ्या निघतात, खडबडीत १९ मि.मी.च्या. तिथंच रंध्याच्या मशिनवर दोन्ही तोंडं मारून घ्या, १७ मि.मी. उरतील. रंधा विकत घ्यायची गरज नाही. फक्त खिळे काढलेत हे आधी सांगा. पातं गेलं तर वखारवाला पुढच्या वेळी दारात उभं करणार नाही.

फळी ६०० मि.मी. लांब, ९० रुंद. पाच खुंट्या. दोन्ही टोकांपासून ८० मि.मी. सोडा, मधलं अंतर प्रत्येकी ११० येतं. भोकं १२ मि.मी.ची, आरपार, आणि खुंटीचं तोंड वर राहील अशी ८ अंश तिरकी. हा कोन हातानं धरायला जाऊ नका. एका ठोकळ्याचं तोंड १०० मि.मी.ला १४ मि.मी. उतार देऊन कापा, तो फळीवर क्लॅम्प करा आणि ड्रिल त्याला टेकवून चालवा. पाचही भोकं एकसारखी येतात. फळीखाली फालतू लाकूड ठेवा, नाहीतर बिट बाहेर पडताना मागची बाजू उचकटते.

खुंट्यांना बाभळीचा गाभा, २२ × २२ मि.मी., लांबी ११०. एका टोकाला २० मि.मी.वर चारी बाजूंनी करवतीचा चर घ्या आणि पटाशीनं १२.५ मि.मी.पर्यंत गोल तासा. मग लोखंडी पट्टीत १२ मि.मी.चं भोक पाडून त्यातून हातोडीनं ठोकत काढा. जादाचं सोलून जातं आणि दांडा मापात येतो.

आता यातली खरी गोम. खुंटी फळीपेक्षा कोरडी असली पाहिजे. ओली खुंटी घट्ट बसवली की उन्हाळ्यात आकसते आणि भोकात गरगर फिरते, मग कितीही फेविकॉल ओता. म्हणून तासलेल्या खुंट्या बसवण्याआधी दोन दिवस चुलीजवळ किंवा दुपारच्या गच्चीवर कागदात गुंडाळून ठेवा. कोरड्या खुंटीला फेविकॉल लावून आत सारली की फळीतली आणि हवेतली ओल शोषून ती फुगते आणि धरून बसते.

दांड्याच्या टोकाला आधीच १२ मि.मी. खोल करवतीचा काप घ्या आणि मागून त्यात पाचर मारा. पाचर फळीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेनं मारली की फळी टोकापासून टोकापर्यंत चिरते. मागं आलेला दांडा करवतीनं सपाट करा.

भिंत विटेची असेल तर ८ मि.मी.ची गिट्टी (भिंतीच्या भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) आणि ६५ मि.मी. लांब, ५ मि.मी. जाड स्क्रू. लांबी जास्त वाटेल, पण १७ फळीत जातात, पंधराएक प्लास्टरमध्ये, विटेत उरतात तीस-बत्तीस. फळीत एका स्क्रूचं भोक गोल आणि दुसऱ्याचं आडवं लांबट करा. गावाकडच्या पांढरीच्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथं १२० मि.मी. खोल खड्डा करून मागं रुंद, पुढं अरुंद असा बाभळीचा ठोकळा सिमेंटमध्ये बसवा, आठवड्यानं त्यात स्क्रू मारा.

जिन्याखालचा_ढीग (परभणी)

काका, एवढं बारकाईनं कुणी सांगत नाही. शिक्का एचटीचाच निघाला.

दोन शंका. फ्रेमच्या कोपऱ्याचा ४५ अंशाचा जोड पुढं उघडतो म्हणतात, ते का? आणि घरचे म्हणायलेत, कडुनिंबाच्या फांदीच्या गोल चकत्या करून भिंतीवर लावू. एक चकती कापली होती, चार दिवसांत मधोमध फाटली.

रंधा_पटाशी (नांदेड)

चकती फाटणारच. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेनं आकसतं. घेर लहान व्हायला बघतो, आतला भाग तेवढा दबत नाही, म्हणून परिघाकडून केंद्राकडं एक फट पडते. झाड कोणतंही असो. उपाय तीन. फांदी आडवी न कापता ३०–४० अंश तिरकी कापा, लांबट चकती निघते आणि कमी फाटते. किंवा फांदीची दोन्ही टोकं मेण वा पातळ फेविकॉलनं बंद करून सावलीत काही महिने वाळवा आणि मग कापा. किंवा गोल चकतीच हवी असेल तर मागच्या बाजूनं केंद्रापर्यंत करवतीचा एक काप आधीच घेऊन ठेवा. ताण तिथं उघडतो, समोरचं तोंड बऱ्याचदा शाबूत राहतं. जाडी २० मि.मी.पेक्षा कमी करू नका. साल ठेवायचा मोह होतो, पण किडे सालीखालीच लपतात. काढा ती.

फ्रेमचं. उन्हाळ्यात पट्टी रुंदीत आकसते, लांबीत नाही. त्यामुळं ४५ चा काप ४५ राहत नाही, थोडा कमी होतो. बाहेरचं टोक चिकटलेलं राहतं आणि आतल्या कोपऱ्यात फट दिसते. पावसाळ्यात कापलेली फ्रेम मेमध्ये अशीच उघडते. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी, म्हणून ३० मि.मी.च्या वर जाऊ नका.

माप असं काढा. ८ × १० इंच फोटो म्हणजे २०३ × २५४ मि.मी. पट्टी ३० रुंद आणि मागची खाच ६ रुंद धरली तर बाहेरची लांबी = फोटो + ३ ढिलाई + दोनदा (३० वजा ६). म्हणजे लांब पट्ट्या ३०५, आखूड २५४. रंधा नसताना खाच कोरत बसू नका: २४ मि.मी. रुंदीची दुसरी पातळ पट्टी पाठीमागं बाहेरच्या कडेला सारखी करून चिकटवा, आत ६ मि.मी.ची खाच आपोआप तयार होते.

समोरासमोरच्या पट्ट्या एकत्र धरून एकदमच लांबीला कापा. कोन अर्ध्या अंशानं चुकला तरी चालवून घेता येतं, लांबी १ मि.मी. चुकली की चौथा कोपरा बसतच नाही. हे काम ४ इंची कटरवर करू नका. छोटा तुकडा हातात धरून कटर चालवला की तो उसळतो आणि बोटं जातात. बारीक दातांची करवत आणि लाकडी पेटीचा साचा (४५ अंशाला चिरा असलेला) पुरे.

सागात तेल असतं, जुना काप चिकटत नाही. ताजा काप घ्या, स्पिरिटनं पुसा, मग फेविकॉल. तिरक्या कापात लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या फेविकॉल पिऊन टाकतात आणि जोड कोरडा राहतो. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ लावा, पाच मिनिटं थांबा, मग घट्ट हात. सुतळीचा फास चारी बाजूंनी आवळून रात्रभर ठेवा. आवळल्यावर दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे आले तरच काटकोन. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्याला बाहेरून करवतीचा एक आडवा चर घेऊन त्यात ३ मि.मी. प्लायची चीप चिकटवा. जोडाचा खरा जीव ती चीप.

कानस (बीड)

पॉलिशला एवढा विचार कशाला करता? घरचं गोडेतेल चोळा. चकाकतं, पैसे लागत नाहीत.

गुण्या९० (छत्रपती संभाजीनगर)

कानसभाऊ, नका सांगू असलं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, ते फक्त मुरतं. महिन्याभरात वास मारतं आणि आपल्याकडची सगळी धूळ धरून काळं पडतं. करडीचं तेल अर्धवट वाळतं, म्हणजे चिकट राहतं. लाकडाला खरं वाळणारं तेल जवसाचं. तेही घाण्यावरचं कच्चं असेल तर पुष्कळ दिवस घेतं. हार्डवेअरमध्ये 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते एक-दोन दिवसांत वाळतं, पावसाळ्यात जास्त.

पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग १८०, रेषांच्या दिशेनंच. १२० वगळून उडी मारली तर ८० चे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. तेल पातळ लावा, पंधरा मिनिटांनी सुक्या चिंधीनं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल साय धरतं आणि सुरकुततं. असे तीन हात, मध्ये एकेक दिवस.

जवस तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, ढिगात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेटतात. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तर फारच लवकर. मोकळ्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

चकाकी हवी तर चपड्याचं पॉलिश: १ लिटर स्पिरिटला १५०–२०० ग्रॅम चपडा, रात्रभर विरघळवा, कापडातून गाळा, सुती बोळ्यानं पातळ पातळ आठ-दहा हात. पावसाळी दिवशी मारलं की पांढरं धुकं येतं, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी नावापुरता ओला बोळा फिरवला की बहुधा जातं. गरम कप किंवा सॅनिटायझर लागणाऱ्या जागी हे पॉलिश टिकत नाही. फ्रेम आणि खुंटाळ्याला उत्तम.

वखार_रोड (लातूर)

बाभळीच्या खुंट्या काळ्या करून बघा, सागाच्या पिवळ्या फळीवर जबरदस्त दिसतात. रंग लागत नाही. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मूठभर गंजक्या चुका टाका, दोन-तीन दिवस ठेवा. झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी घालू नका, ती बहुतेक स्टेनलेस असते आणि काहीच होत नाही. पाणी कापडातून गाळून खुंटीवर ब्रशनं लावलं की बाभळीतल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोखंडाचा संयोग होतो आणि बघता बघता लाकूड काळपट-निळं होतं. पाईनमध्ये टॅनिन फारसं नाही. त्यावर आधी बाभळीच्या सालीचा काढा लावा, वाळू द्या, मग हे. वाळल्यावर पाण्याच्या फडक्यानं पुसा, मगच तेल.

याच कारणानं बाभळीत साधे लोखंडी स्क्रू मारले आणि ओल लागली की भोवती काळं वर्तुळ उमटतं. पितळी किंवा झिंकचे घ्या. भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू मारूच नका, डोकं तुटेल.

आरास_आणि_पाट (जालना)

पायऱ्यांचं राहिलंच की! प्लायच्या पट्ट्यांतून तीन बाकं करा, एकाखाली एक सरकतील अशी. वर्षातून तीन दिवस लागतात, बाकीचे दिवस ठेवायची अडचण नको.

मोठं ३६० मि.मी. उंच, ९०० लांब. मधलं २४० उंच, ८५० लांब. लहान १२० उंच, ८०० लांब. खोली सगळ्यांची १००. वरची पट्टी पायांच्या डोक्यावर बसते, म्हणून पाय उंचीपेक्षा १८ मि.मी. कमी कापा. मागं वरच्या पट्टीला लागून ७५ मि.मी.ची आडवी पट्टी दोन पायांच्या मध्ये बसवा, ती नसली की बाक कडेला कलतं. मोठ्याच्या आत ८६४ मोकळे राहतात आणि आडव्या पट्टीखाली २६७ उंची, त्यात मधलं आरामात जातं. तसंच मधल्यात लहान.

प्लायच्या कडेत स्क्रू मारताना थर फुटतात. २.५ मि.मी.चं भोक आधी, ४ × ४० चा स्क्रू, टोकापासून निदान २० मि.मी. आत, आणि सोबत फेविकॉल. कापताना चिपा उडू नयेत म्हणून रेषेवर मास्किंग टेप लावून वर सुरीची रेघ ओढा. कटरला ४० दातांचं लाकडाचं पातं हवं. फरशीचं पातं प्लाय जाळतं.

३६० उंचीचं बाक १०० खोलीवर लटपटतं. मांडल्यावर तिन्ही एकमेकांना लहान कडीनं बाजूनं अडकवा. आणि वर भारी फराळाची ताटं ठेवणार असाल तर मोठ्या बाकाला मध्ये तिसरा पाय द्या, पण सुटा, नाहीतर मधलं बाक आत जाणार नाही. कडांना सनमायका लावायची गरज नाही. १८० च्या पेपरनं घासून तेल लावलं की थरांच्या रेघा छान दिसतात.

जिन्याखालचा_ढीग (परभणी)

ताई, सुटा पाय बसवायचा कसा? खालून घट्ट राहील ना?

आरास_आणि_पाट (जालना)

वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला मधोमध दोन बारीक पट्ट्या चिकटवा, मध्ये १९ मि.मी. जागा सोडून. पाय त्या खाचेत खालून सारायचा. प्लाय १८ चं म्हणून विकतात, मोजलं तर १७–१८ असतं, तेव्हा खाच तुमच्या तुकड्यावरून घ्या, कागदावरून नको. आणि पाय १ मि.मी. लांबच ठेवा, जमिनीवर बसवून बघत घासत आणा.

भाद्रपदात तेल लवकर वाळत नाही, घासणं-तेल आखाडाआधी उरका.